खुबा आणि कवळी

‘शेजारच्या काकूंचा खुबा मोडला तेव्हा सळई टाकून भागलं. माझ्या आईला मात्र डॉक्टर गोळाच बदलायला सांगतायत. जास्त बिलासाठी तर नाही ना?’ सुरतच्या उधन्यातून एका वाचकाने विचारलंय.

शंका रास्त आहे, पण डॉक्टर बहुधा बरोबर सांगत असावेत. खुबा मोडला असं आपण सरसकट म्हणतो. मोडतं ते मांडीचं हाड, आणि तेही दोन निराळ्या जागी: वरच्या गोळ्याखालची निमुळती मान, किंवा तिच्याही खाली. मानेच्या खाली, स्नायू चिकटलेले असतात तिथे मोडलं तर रक्त भरपूर. सळईने किंवा प्लेट-स्क्रूने तुकडे धरून ठेवले की हाड जुळतं. मान मोडली तर पंचाईत. गोळ्याला रक्त पोहोचतं ते मुख्यतः मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. काकरापारचा कालवा मध्येच फुटला तर टेलच्या शेताचं काय होतं, हे सुरतकरांना सांगायला नको. मान जागची सरकली की गोळ्याची तीच गत. मग स्क्रू कितीही नेटका बसवा, रक्ताविना मेलेला गोळा पुढे खचू शकतो. म्हणून उतारवयात तो काढून धातूचा बसवतात. मान न सरकता नुसती चिरली असेल, तर स्क्रू पुरतात.

मग गोळा ज्या वाटीत फिरतो, तीही बदलायची का? दहा देशांतल्या 1495 रुग्णांवरचा अभ्यास 2019 मध्ये आला. दोन वर्षांत पुन्हा टेबलावर जावं लागलं ते पूर्ण सांधा बदललेल्यांपैकी 7.9 टक्क्यांना, नुसता गोळा बदललेल्यांपैकी 8.3 टक्क्यांना. म्हणजे फरक नावापुरता. वाटी आधीच झिजलेली असेल किंवा आई चांगल्या हिंडत्या-फिरत्या असतील, तर पूर्ण सांध्याचा विचार जरूर करावा. ‘बायपोलर’, म्हणजे आतही फिरणाऱ्या दुहेरी गोळ्याच्या, नावाने मात्र दिपून जाऊ नये. डॉ. तळवलकरांच्या नावाचा देशी बायपोलर आपल्याकडे वर्षानुवर्षे बसवला गेला, त्याचा मला अभिमानच आहे; पण साध्या गोळ्यापेक्षा बायपोलर फार सरस असल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

खरा फरक पडतो सिमेंटने, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. 1950 च्या दशकाअखेरीस मँचेस्टरचे सर्जन जॉन चार्नली धातूच्या गोळ्याची दांडी हाडात घट्ट कशी बसवावी या विवंचनेत होते. त्यांना वाट दाखवली डेनिस स्मिथ यांनी. ते हाडांचे डॉक्टर नव्हतेच. दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचे जाणकार होते. कवळीचा गुलाबी भाग ज्या अ‍ॅक्रिलिकचा असतो, तेच त्यांनी सिमेंट म्हणून सुचवलं. चार्नलींना पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली, स्मिथ यांचं नाव वॉर्डात कोणाला ठाऊक नसतं.

पावडर आणि द्रव कालवला की उग्र वास सुटतो. लगदा हातमोज्याला चिकटेनासा झाला की तो हाडाच्या पोकळीत दाबायचा. काही मिनिटांत गरम होऊन तो दगडासारखा घट्ट होतो. हे सिमेंट चिकटवत नाही, पोकळी भरून दांडी आवळून धरतं. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडात त्याला फार महत्त्व. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 1225 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दांडीभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण सिमेंट लावलेल्यांत 0.5 टक्के आणि न लावलेल्यांत 2.1 टक्के निघालं.

तेव्हा डॉक्टरांना गोळ्याची कंपनी विचारण्याआधी सिमेंट लावणार का आणि ऑपरेशन किती लवकर करणार, हे विचारा. आईचं हृदय किंवा फुप्फुसं नाजूक असतील तर तेही आधीच सांगा. सिमेंट दाबताना क्वचित रक्तदाब एकदम घसरतो, आणि भूलतज्ज्ञाला त्याची तयारी ठेवावी लागते.