किशोरी पंचायतीची वर्षे

सप्टेंबर २००० मध्ये जगभरातले राष्ट्रप्रमुख न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी सहस्रक घोषणापत्र मंजूर केले. त्यातून २०१५ पर्यंत गाठायची आठ उद्दिष्टे ठरली. भूक, शाळा, बालमृत्यू, मातामृत्यू, स्त्री-पुरुष समानता हे सगळे त्या यादीत होते. मासिक पाळीचा उल्लेख मात्र त्यात कुठेच नव्हता. पुढच्या काही वर्षांतच वर्धा जिल्ह्यातल्या आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांमध्ये बारा ते एकोणीस वर्षांच्या मुली महिन्यातून एकदा एकत्र बसून नेमक्या या विषयावर बोलू लागल्या. त्यांच्या गटाचे नाव होते किशोरी पंचायत. जगाच्या उद्दिष्टांच्या पुढे गेलेल्या या मुलींची दखल जिल्ह्याबाहेर फारशी कुणी घेतली नाही, म्हणून हा मागोवा.

हे वर्ध्यात घडले याला कारण आहे. १९४५ मध्ये सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले ते मुळात बायका-मुलांसाठी. त्यामागे उभ्या होत्या डॉ. सुशीला नायर. विशीत असताना त्या गांधीजींकडे आल्या, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी याच गावात वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. इथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि डॉक्टर होईपर्यंत त्या गावातल्या घरांमध्ये जात राहते. आजार दवाखान्यात येण्याआधी तो घरात आणि शेतात तयार होतो, हे इथे पहिल्यापासून शिकवले गेले. त्याही आधी, १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर, आशादेवी आर्यनायकम यांनी सेवाग्रामात नई तालीमच्या, म्हणजे कामातून शिकवणाऱ्या, शाळेचे काम हाती घेतले होते. त्या शाळेत सफाई, स्वयंपाक आणि आरोग्य हे अभ्यासाचेच भाग होते.

याच महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने २००३ मध्ये बालकांच्या जिवासाठी एक मोठा कार्यक्रम हाती घेतला. आगाखान फाउंडेशन आणि अमेरिकेची युसेड ही संस्था त्यात सोबत होती. आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांखालची ६७ गावे त्यात होती. गावोगाव समन्वय समित्या झाल्या, बायकांचे बचत गट आरोग्याच्या कामाला जोडले गेले, आणि लग्न न झालेल्या मुलींसाठी किशोरी पंचायती बसवल्या गेल्या. बाळ वाचवायचे तर उद्याच्या आईपासून सुरुवात करायला हवी, असा साधा हिशेब त्यामागे होता. पण मुलींशी बोलायला बसल्यावर कळले की त्यांचे आजचे प्रश्नच कुणी विचारलेले नाहीत.

सुरुवातीच्या पाहणीत आंजीच्या २३ गावांमधल्या फक्त ३५ टक्के मुलींना पाळी येण्याआधी पाळीबद्दल काही ठाऊक होते. म्हणजे तिघींपैकी दोघींना ते रक्त अचानक दिसले होते. ८५ टक्के मुली तेच कापड धुऊन पुन्हा वापरत होत्या, तयार पॅड वापरणाऱ्या अवघ्या पाच टक्के. तीन वर्षे महिन्याच्या महिन्याला सभा झाल्या. त्यानंतर आधीपासून माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले, पॅड वापरणाऱ्या २५ टक्के झाल्या आणि कापड पुन्हा वापरणाऱ्या ५७ टक्क्यांवर उतरल्या. डॉ. अमोल डोंगरे, डॉ. प्रदीप देशमुख आणि डॉ. बी. एस. गर्ग यांनी हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

या आकड्यांमध्ये पॅडचा आकडा लोकांना पटकन भावतो, कारण पॅड वाटता येतात आणि वाटतानाचा फोटोही निघतो. मला पहिला आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेले कापड वाईट नसते. वाईट असते ते लाजेपोटी अंधाऱ्या कोपऱ्यात दडपून ओलसरच ठेवलेले कापड. ती लाज दुकानातून आणलेल्या पाकिटाने जात नाही. धाकट्या बहिणीला आधीच दोन शब्द सांगून ठेवणारी थोरली बहीण ती घालवते. तरीही ५५ टक्क्यांवर समाधान मानता येत नाही. उरलेल्या ४५ टक्के मुलींना पहिला दिवस भीतीतच काढावा लागला.

दुसरा प्रश्न रक्ताचाच, पण वेगळा. वर्ध्याच्या ग्रामीण भागात तपासणी केली तेव्हा किशोरवयीन मुलींपैकी जवळपास तीन-चतुर्थांश रक्तक्षयी निघाल्या. आठवड्याला लोहाची गोळी, जंतांचे औषध आणि आहाराची माहिती असा कार्यक्रम गावकऱ्यांच्याच हातून चालला, तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर इतके खाली आले.

या वर्षांत वर्ध्यात आणखी काय चालले होते, तेही आठवायला हवे. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाकडे देशाचे लक्ष लागले होते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धा होता. कर्ज, व्याज, कापसाचा भाव, सिंचन यावर बोलले गेले आणि ते बोलायलाच हवे होते. पण त्याच घरातली मुलगी शाळा बुडवून निंदणाला आणि वेचणीला जात होती, उरलेसुरले खात होती, आणि कर्जाच्या घरात तिचे लग्न लवकर उरकण्याचा विचार व्हायचा. शेतीचे अरिष्ट तिच्या हिमोग्लोबिनमध्येही उतरते, हे त्या पॅकेजच्या चर्चेत कुणी मांडल्याचे मला आढळले नाही.

किशोरी पंचायती ज्यातून उभ्या राहिल्या त्या कार्यक्रमाची मुदत २००८ मध्ये संपली. धोरणे त्यानंतर हळूहळू या दिशेने आली. केंद्राने २०११ मध्ये ग्रामीण मुलींसाठी मासिक पाळी स्वच्छता योजना सुरू केली, २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, आणि महाराष्ट्राने २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांच्या मुलींना पाच रुपयांत पॅड द्यायचे ठरवले. दरम्यान २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. स्वच्छतेच्या सहाव्या उद्दिष्टात स्त्रिया आणि मुलींच्या गरजांकडे विशेष लक्ष देण्याचे कलम आले. आंजीच्या मुली तोवर त्या विषयावर बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

मुलींना विकासाच्या व्यासपीठावर आणायचे म्हणजे एखादीला भाषण पाठ करून शहरात उभे करायचे, असा समज अजून जात नाही. अकरा ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय बालिका दिनी, तसे कार्यक्रम होतातही. त्यांना माझा विरोध नाही. पण वर्ध्याचा अनुभव सांगतो की मुलींना सर्वांत आधी लागते ती गावातली, ठरलेल्या दिवशी भरणारी, त्यांची स्वतःची बैठक. ती टिकली पाहिजे, आणि बाहेरच्या पैशाची मुदत संपली म्हणून थांबता कामा नये.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. गावाचा विकास आराखडा आता शाश्वत उद्दिष्टांवर बेतलेल्या नऊ विषयांनुसार करायचा असतो, आणि महिलास्नेही गाव हा त्यातला एक विषय. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. महिन्यातून एकदा गावातल्या मुलींना बसायला एक खोली, आशाताई किंवा परिचारिकेची सोबत आणि वहीभर नोंदी यासाठी तेवढा पैसा पुरतो. तुमचे गाव वर्ध्यात असो की आणखी कुठे, पुढच्या ग्रामसभेला जा, हा दहा टक्के निधी कशावर खर्च झाला ते विचारा, आणि किशोरींच्या मासिक सभेचा ठराव मांडा.