हत्यारांच्या खणाला अस्तर

माझे अब्बा सुतार होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात त्यांची आंब्याच्या फळ्यांची पेटी सगळ्यांच्या ओळखीची होती. २००९ साली अब्बा गेले आणि पेटी माझ्याकडे आली. तिला भुंगा लागला होता, म्हणून चार खणांचं एक जुनं लोखंडी कपाट विकत घेतलं आणि हत्यारं त्यात लावली. नुसत्या पत्र्यावर पटाश्या ठेवणं बरं वाटेना, म्हणून प्रत्येक खणात वर्तमानपत्र अंथरलं. वरच्या खणात जी रविवारची पुरवणी गेली, तिच्यात माझीच एक कविता छापलेली होती. मनात म्हटलं, चला, कवितेचा कुठे तरी उपयोग झाला!

पावसाळा संपला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या आळीतले सगळे सुतार हत्यारं घासूनपुसून ठेवतात. अब्बाही ठेवत. त्या सवयीनं मी खण ओढला. अब्बांची पाऊण इंची पटाशी उचलली, तर तिच्याबरोबर कागदही उचलला गेला. तो सोलून काढला, तेव्हा माझ्या कवितेची दीड ओळ तांबूस गंजासकट पात्यावर तशीच राहिली. ज्या पटाशीवर आम्हा चार भावंडांची शिक्षणं झाली, ती माझ्या हातून चार महिन्यांत गंजली होती.

गंज घासून निघाला, पण पात्याच्या पाठीवर बारीक खड्डे राहिले. पटाशीची पाठ सपाट असावी लागते. धारेपाशी खड्डा असला की दगडावर कितीही घासा, तिथे दात राहतो आणि लाकडावर ओरखडा उठतो. तो दात घालवायचा तर तेवढं पोलाद झिजवावं लागतं. तेव्हापासून खणात काय अंथरावं आणि काय अंथरू नये, या गोष्टीचा मला नादच लागला. तुमच्या घरात सुतारकामाची पेटी नसेल, पण दोन पाने, एक पक्कड आणि हातोडी तर असेलच. हे त्यांच्यासाठीही आहे.

आधी कागदाचं काय चुकलं ते बघू. लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, हवा आणि पाणी. पाणी म्हणजे पावसाची धारच हवी असं नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की गंजण्याचा वेग वाढू लागतो, आणि कोकणात आषाढ-श्रावणात ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. समुद्राकडून येणाऱ्या हवेतलं मीठ त्यात भर घालतं. कागद म्हणजे लाकडाचा लगदाच. तो हवेतलं पाणी पितो आणि पोलादाला घट्ट बिलगून बसतो. पुठ्ठा, गोणपाट, जुनी सतरंजी, गालिचाचे तुकडे यांची गत तीच. चामडंही ओलावा धरतं, म्हणूनच जाणकार माणसं जुनी तलवार चामड्याच्या म्यानात कायमची ठेवत नाहीत.

मग अब्बा पटाश्या फडक्यात गुंडाळत, त्या कशा गंजत नव्हत्या? कारण ते फडकं शिलाई मशीनच्या तेलात भिजवून पिळलेलं असायचं. तेल बसलं की पाण्याला जागा उरत नाही. मी फक्त फडक्याच्या जागी कागद घेतला आणि तेल विसरलो.

अब्बा म्हणायचे, पेटीतली हत्यारं बोलायला लागली की समजावं, धार गेली. खण ओढताना जो खणखणाट होतो, तो धारेवर पडलेल्या घावांचा आवाज असतो. कानशी एकमेकींवर घासल्या की त्यांचे दात बोथटतात. पान्यावर क्रोमचा मुलामा असतो, त्याचा टवका उडाला की गंज तिथूनच आत शिरतो. म्हणून चांगल्या अस्तराची कामं तीन: हत्यार जागेवरून हलू द्यायचं नाही, ओल धरायची नाही, आणि हत्यारांना एकमेकांवर आपटू द्यायचं नाही.

आता वस्तू कुठल्या? माझी पहिली पसंती मालमोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बाद ट्यूबला. पंक्चरवाल्याकडे ती थोडक्या पैशांत मिळते, कधी नुसत्या चहावरही! ट्यूब लांबीत कापून उघडा. आत शंखजिऱ्याची पांढरी पूड असते, ती साबणाच्या पाण्यानं दोन्ही बाजूंनी धुऊन काढा. ट्यूब वाकडी असते, म्हणून तासभर उन्हात टाकून मग फळीखाली दाबून रात्रभर ठेवा. सकाळी ती बऱ्यापैकी सपाट होते. तिचा दोष एकच, खनिज तेलाचं तिला वावडं आहे. तेल साचलं की ती फुगते आणि चिकट होते. हत्यार तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवा, तेलानं निथळतं ठेवू नका.

दुसरी वस्तू, मोटारीत पायाखाली घालतात ती रेघारेघांची रबरी मॅट. जुनी, फाटकी चालते, चांगला भाग कापून घ्यायचा. रेघांमुळे हत्यारांखाली हवा खेळते आणि गोल वस्तू घरंगळत नाहीत. रबराबाबत एक लक्षात असू द्या. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात. पोलादाचं त्यानं फारसं बिघडत नाही, पण चांदी, तांबं आणि पितळ काळं पडतं. सोनारकामाची किंवा पितळी मापांची हत्यारं रबरावर ठेवू नका.

तिसरी वस्तू, ज्याच्या चपला होतात तो फोम, म्हणजे ईव्हीएची शीट. चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानांत तिचे तुकडे मिळतात. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून अंथरतात त्या रंगीत चौकोनी चटयाही बहुधा याच जातीच्या. मुलं मोठी झाली की त्या माळ्यावर जातात. तिथून खणात आणा. ईव्हीए पाणी पीत नाही, मऊ असतो आणि सुरीनं सहज कापला जातो.

रेक्झिन मात्र टाळा. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेलं असतं, ते उन्हाळ्यात हळूहळू बाहेर येतं आणि स्क्रू ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ त्याला चिकटून बसते. स्वयंपाकघराच्या खणांसाठी जाळीदार मॅटची गुंडाळी मिळते, ती बऱ्याचदा याच पदार्थाची असते. पान्यांखाली ती चालेल, प्लॅस्टिकच्या मुठींखाली वर्षानुवर्षं नको.

आता कृती. खण पूर्ण बाहेर काढा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि उन्हात ठेवा. वर्तमानपत्र तळाशी दाबून कोपऱ्यांत घड्या घाला आणि त्या घड्यांवर कापा, म्हणजे तळाचा नेमका नमुना मिळतो. (बघा, कागदाला काम मिळालंच!) अस्तर या नमुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी कापा, नाही तर ते मध्ये फुगून उठतं. खाली फळी, वर लोखंडी पट्टी आणि धारदार सुरी. एका दमात कापायला जाऊ नका, हलक्या हातानं तीन-चार वेळा सुरी फिरवा. बोट पट्टीच्या काठाबाहेर येता कामा नये.

जाडी खणाच्या उंचीवर ठरते. उथळ खणाला दोन-तीन मिलिमीटर पुरे. खोल खणाला दहा मिलिमीटरही चालतात. सगळ्यात उंच हत्यार ठेवून खण बंद होतो का, हे कापण्याआधीच पाहा. आणि डिंक किंवा गोंद लावून अस्तर चिकटवू नका. ते काढून धुता आलं पाहिजे, आणि खाली ओल अडकली तर दिसली पाहिजे. सरकत असेल तर चार कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टीचे छोटे तुकडे पुरतात.

हात बसला की पुढची पायरी. दोन रंगांच्या शीट घ्या, समजा खाली पिवळी, वर काळी. काळ्या शीटवर हत्यारं मांडा, रोजची पुढे, क्वचित लागणारी मागे. खडूनं कडा आखून तेवढा भाग कापून काढा, बोट घालायला खाच ठेवा आणि शीट पिवळीवर बसवा. हत्यार उचललं की त्याच्या आकाराचं पिवळं भोक दिसतं. ही शिस्त जपानी कारखान्यांतून आली आणि ‘फाइव्ह एस’ या नावानं पुणे-चाकणच्या कारखान्यांतही रुळली. विमानांच्या दुरुस्तीत तर एक जागा रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. इंजिनात राहिलेला एक पाना काय करील, सांगायला नको.

आपल्याकडे विमान नाही. पण आमच्या गल्लीतला मोटरसायकल दुरुस्त करणारा मुलगा दिवसातून दहादा दहा नंबरचा पाना शोधायचा. त्याच्या खणाला आम्ही दोघांनी एका दुपारी असं अस्तर केलं. खर्च झाला नव्वद रुपये. आता दुकान बंद करताना तो खणाकडे एक नजर टाकतो, आणि पिवळं दिसलं तर शटर ओढत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा पाना हरवतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची कमाई त्याच्याबरोबर जाते.

दोन सूचना सांगून थांबतो. हत्यारांना गोडेतेल लावू नका. काही दिवसांनी ते चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल उत्तम. आणि लाकडाला जवसाचं तेल लावलेला बोळा खणात कधीही कोंबून ठेवू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. असा बोळा बाहेर मोकळा पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

मृग नक्षत्र लागण्याआधीचा एक रविवार या कामाला द्या, आणि पावसाळ्यात दर महिन्याला अस्तर उचलून पुसा. अब्बांची पाऊण इंची पटाशी आता ट्यूबच्या अस्तरावर आहे. पाठीवरचे खड्डे अजून आहेत, पण नवा एकही पडलेला नाही. त्या खणात छापील कागद मी पुन्हा ठेवलेला नाही, स्वतःची कविता असलेला तर मुळीच नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)