खेळाडूंची अदलाबदल आणि शौकिनांचा हिशेब

अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉल-संघांमध्यें दरवर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं खेळाडूंची जी अदलाबदल होते, तिजविषयीं आज बोलावयाचें आहे. आपल्याकडे क्रिकेटखेरीज अन्य खेळाची वार्ता सहसा घराचा उंबरठा ओलांडीत नाहीं. तथापि महाविद्यालयांत जाणारीं कांहीं मुलें त्या आठवड्यांत एका रात्रीं दीड वाजेपर्यंत जागीं राहतात, आणि पाहण्यासारखा सामना नसतांना हें जागरण कसलें, असा प्रश्न वडील मंडळींना पडतो. तें जागरण मुदतीचें असतें. न्यूयॉर्कच्या घड्याळांत दुपारचे तीन वाजले कीं त्या हंगामापुरती अदलाबदल बंद होते. आपल्याकडे तेव्हां मध्यरात्र उलटून दीड तास झालेला असतो. तत्पूर्वींचे तीन-चार आठवडे शौकीन लोक एकाच वादांत गढलेले असतात : कोणाला द्यावें, कोणाला घ्यावें, आणि वर काय मागावें.

खेळ तसा फार जुना नव्हे. जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून तो सुरू केला. हिवाळ्यांत कंटाळलेल्या वर्गाला गुंतवून ठेवण्यासाठीं एका मास्तरानें काढलेली युक्ति एवढी पसरावी, ही गोष्ट माझ्यासारख्याला सुखावणारी आहे. आज जिला एन्. बी. ए. म्हणतात ती संस्था १९४६ सालीं निघाली व १९४९ पासून तिला हें नांव मिळालें. तिच्यांत तीस संघ आहेत. एक कॅनडांतील टोरांटोचा, बाकीचे सारे अमेरिकेचे.

आतां ही अदलाबदल म्हणजे काय? बदलीचा हुकूम आपणां सर्वांस परिचित आहे. नोकर जातो, त्याचा पगार त्याच्याबरोबर जातो, आणि त्याची इच्छा कोणी विचारीत नाहीं. येथेंही तसेंच घडतें. खेळाडूचा करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाकडे जातो. फक्त त्या बदल्यांत पहिल्या संघाला दुसरा कोणी खेळाडू किंवा तत्सम कांहीं मोबदला मिळतो. मात्र मन मानेल तसा सौदा करतां येत नाहीं. प्रत्येक संघानें वेतनावर किती खर्च करावा, ह्याला मर्यादा आहे. २०२४-२५ च्या हंगामांत ती १४ कोटी ५ लक्ष ८८ हजार डॉलर होती. ही मर्यादा ओलांडण्याचे मार्ग आहेत व बहुतेक संघ ती ओलांडतातच. परंतु ओलांडल्यावर दिलेलें वेतन व घेतलेलें वेतन ह्यांचा मेळ बसवावा लागतो. त्याहूनही वर दोन रेषा आखलेल्या आहेत. त्यांपैकीं दुसरी त्या हंगामांत १८ कोटी ८९ लक्षांच्या पुढें होती, आणि जो संघ तिच्या पलीकडे गेला त्याला दोन-तीन खेळाडूंच्या वेतनांची बेरीज करून एक मोठा खेळाडू घेण्याची मनाई आहे.

ह्या एका नियमानें २०२५ च्या जानेवारींत शौकिनांची झोंप उडविली. मायामीचा जिमी बटलर ह्याचें आपल्या संघाशीं बिनसलें होतें व फीनिक्सच्या संघाला तो हवा होता. परंतु फीनिक्स त्या दुसऱ्या रेषेच्या वर. चार लहान करार एकत्र बांधून देतां येईनात. बटलरच्या तोडीचें वेतन घेणारा व त्यांना देण्याजोगा एकच मनुष्य त्यांच्यापाशीं होता, तो ब्रॅड्ली बील; आणि आपल्या संमतीवांचून आपणांस कोठेंही पाठवूं नये, असें कलम करारांत असलेल्या अगदीं मोजक्या खेळाडूंत नेमका हा बील! मग तिसरा संघ कोणता शोधावा, चौथा मध्यें घालावा काय, ह्यावर लोकांनीं आठवडेच्या आठवडे आंकडेमोड केली. माझ्या वर्गांत त्रैराशिकाला कंटाळणारीं मुलें एवढी चिकाटी दाखवितीं, तर मीं छडी केव्हांच फेकून दिली असती. शेवटीं बटलर फीनिक्सला गेलाच नाहीं. तो गोल्डन स्टेट संघाकडे गेला.

मोबदल्यांत खेळाडूंखेरीज आणखी एक चलन चालतें. दरवर्षीं नवोदित खेळाडूंची निवड होते व दुबळ्या संघांना आधीं निवडण्याची संधि मिळण्याचा संभव अधिक असतो. हा निवडीचा हक्क पुढील सात वर्षांपर्यंतचा आज देऊन टाकतां येतो. ही एक प्रकारची हुंडीच होय, परंतु तिच्यावर रक्कम लिहिलेली नसते. सात वर्षांनंतरचा तो खेळाडू आज कोठेंतरी सातवीच्या वर्गांत बसून भूगोलाचे नकाशे काढीत असावयाचा! १९८० नंतर क्लीव्हलंडच्या संघाचे मालक टेड स्टेपियन ह्यांनीं अशा हुंड्या इतक्या सढळ हातानें वाटल्या कीं, लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या हक्कावांचून संघानें राहूं नये, असा निर्बंध संस्थेला घालावा लागला. तो आजही स्टेपियन ह्यांच्याच नांवानें ओळखला जातो. दिवाळखोराच्या नांवानें कायदा व्हावा, हा मानही विरळाच.

वाद सर्वांत रंगतो तो कोण फसलें ह्यावर. १ फेब्रुवारी २००८ रोजीं मेम्फिसनें पाव गासोल हा उंचापुरा स्पॅनिश खेळाडू लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला दिला, तेव्हां मेम्फिसची सर्वत्र टर उडाली. मोबदल्यांत मिळालेल्यांपैकीं एक, ॲरन मॅकी, त्या वेळीं खेळतही नव्हता; तो फिलाडेल्फियाला शिक्षकांना साहाय्य करीत होता, आणि केवळ वेतनाची बेरीज जुळावी म्हणून त्याच्याशीं करार करण्यांत आला! लेकर्सनीं २००९ व २०१० सालीं अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां टर उडविणाऱ्यांना आपला निर्णय बिनचूक वाटला. परंतु त्याच सौद्यांत पावचा धाकटा भाऊ मार्क ह्याचे हक्क मेम्फिसकडे आले होते. तोच मार्क पुढें २०१३ सालीं बचावांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला व मेम्फिसचा आधारस्तंभ झाला. त्या फेब्रुवारींत त्याचें नांव किती जणांनीं गंभीरपणें घेतलें असेल?

ह्या वादांत खेळाडूला सर्रास "मालमत्ता" म्हणतात. माझ्या कानांस तो शब्द खटकतो. कोट्यवधि डॉलर मिळविणाऱ्यांची फार कींव करण्याचें कारण नाहीं, हें खरें. ऑस्कर रॉबर्टसन ह्यानें १९७० मध्यें दाखल केलेल्या खटल्याचा १९७६ सालीं समेट झाला, तेव्हांपासून करार संपल्यावर कोठें जावें ह्याचें स्वातंत्र्य खेळाडूंना मिळत गेलें, हेंही खरें. पण करार चालू असतांना काय? ६ फेब्रुवारी २०१९ रोजीं डॅलसचा हॅरिसन बार्न्स चालू सामन्यांत बांकावर बसला असतांना त्याला सॅक्रामेंटोला दिल्याची बातमी आली. तो उठून गेला नाहीं. कालपर्यंतच्या सोबत्यांजवळ तेथेंच बसून राहिला. (ह्या सॅक्रामेंटो संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, २०१९ च्या ऑक्टोबरांत वरळीला एन्. बी. ए. चे जे दोन सामने झाले, त्यांत हाच संघ इंडियानाविरुद्ध खेळला.)

आणि मग २०२५ चा तो प्रसंग. मुदतीला चार-पांच दिवस असतांना, सारे जण बटलरच्या हिशेबांत गुंतलेले असतांना, १ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या सुमारास वार्ता आली कीं डॅलसनें लुका डॉन्चिच ह्याला लेकर्सकडे पाठविलें. वय पंचवीस. आदल्याच वर्षीं त्यानें संघाला अंतिम सामन्यांपर्यंत नेलें होतें. बातमी देणाऱ्याच्या खात्यांत कोणी चोर शिरला असावा, अशीच प्रथम पुष्कळांची समजूत झाली. शौकिनांनीं कल्पनेंत केलेल्या असंख्य सौद्यांत हा सौदा नव्हता, कारण तो सुचविणाऱ्याला सोबत्यांनीं वेड्यांत काढलें असतें. गणित मात्र निर्दोष होतें! डॉन्चिचचें वेतन सुमारें ४ कोटी ३० लक्ष, आणि त्याच्या बदल्यांत आलेला मुख्य खेळाडू अँथनी डेव्हिस ह्याचेंही तेवढेंच. शिवाय मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक हक्क. बचाव बळकट झाल्यावांचून अजिंक्यपद मिळत नाहीं, असें व्यवस्थापक नीको हॅरिसन ह्यांचें म्हणणें. तें अगदींच निराधार नव्हतें. पण डेव्हिस सहा वर्षांनीं वडील, आणि डॅलसच्या लहान मुलांच्या अंगांतील सदऱ्यांवर नांव होतें दुसऱ्याचें.

लोक क्रीडागृहाबाहेर जमले. कांहींनीं तर शवपेटी आणून ठेवली. "नीकोला काढा" ही घोषणा सामन्यांतून घुमूं लागली. ९ एप्रिल रोजीं डॉन्चिच प्रतिपक्षाकडून डॅलसला खेळावयास आला, तेव्हां त्याच्या जुन्या खेळाचीं चित्रें पाहून त्याला रडूं कोसळलें, आणि डोळे पुसून त्यानें त्या सामन्यांत ४५ गुण केले. मे महिन्यांत शंभरांत दोनही नव्हता इतका अल्प संभव असतांना सोडतींत पहिल्या निवडीचा मान डॅलसला लाभला व कूपर फ्लॅग हा होतकरू तरुण त्यांना मिळाला. घोषणा तरीही थांबली नाहीं. पुढचा हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहींत तोंच, ११ नोव्हेंबर २०२५ रोजीं, हॅरिसन ह्यांना पदावरून दूर करण्यांत आलें.