पाण्यावर उडणारं विमान? आधी लाइटबिल दाखवा

गैरसमज : हायड्रोजनचं विमान पाण्यावर चालतं. पाण्यातून इंधन काढायचं, बाहेर पडणार तेही पाणीच. प्रदूषण शून्य!

व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत, फॅमिली ग्रुपवर... हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

वस्तुस्थिती : पाणी हे इंधन नाही, ती जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. राखेचं पुन्हा सरपण करायचं तर जळताना मिळाली त्याहून जास्त ऊर्जा ओतावी लागते. ती येते विजेतून.

आता हिशेब. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोमागे 35 किलो. तेवढीच ऊर्जा देणारं पावणेतीन किलो विमान-इंधन जाळलं, तर निघतो जेमतेम 9 किलो. चौपट घाण करून आपण ‘शून्य’ म्हणायचं! वर उणे 253 अंशांवर हायड्रोजनचा द्रव करायला किलोमागे आणखी दहाएक युनिटं.

‘हरित हायड्रोजन’ म्हणतात, पण तो हिरवा रंग वायूचा नाहीच, विजेचा आहे. म्हणून तर केंद्र सरकारने ऑगस्ट 2023मध्ये मर्यादा घातली : किलोमागे 2 किलोपेक्षा जास्त उत्सर्जन झालं, तर त्याला हरित म्हणायचं नाही. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो.

आणि ‘बाहेर फक्त पाणी’ हे खरं आहे ते हायड्रोजन न जाळता त्यातून वीज काढणाऱ्या फ्युएल सेलपुरतं. इंजिनात जाळला, तर हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात.

उरलेले गैरसमज झटपट :

‘हिंडेनबर्गसारखा भडका उडेल.’ 1937च्या त्या हवाई जहाजात हायड्रोजन तरंगण्यासाठी भरला होता, इंधन म्हणून नव्हे. धोका आहेच, पण 1988मध्ये सोव्हिएत तुपोलेव्ह-155 एका इंजिनात द्रव हायड्रोजन वापरून सुखरूप उडालं.

‘हलकं इंधन, म्हणून लांब पल्ला.’ वजन एक तृतीयांश, पण द्रवरूपातही जागा चौपट. पंखांत मावत नाही. टाकी प्रवाशांची जागा खाते.

‘2035मध्ये बसूच की!’ एअरबसने 2020मध्ये ही तारीख दिली होती. 2025मध्ये ती पुढे ढकलली.

‘मग हरित हायड्रोजन बिनकामाचा.’ मुळीच नाही. पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी तो जोडला, की कृत्रिम केरोसीन बनतं, आणि ते आजच्याच विमानांत मिसळून चालतं. युरोपीय संघाने 2030पासून त्याचा वाटा सक्तीचा केलाय, सुरुवातीला सरासरी 1.2 टक्के. फक्त कार्बन पकडायलाही वीज लागते, जोडायलाही. बिल इथेही चुकत नाही.