लोकर तशी सुई

बायांनो, थंडी आली की लेकरांचे स्वेटर विणायला घेता. लोकर महाग. सुई चुकली तर स्वेटर आवळतो, नाहीतर ढगळ होतो.

बारीक लोकरीला बारीक सुई, जाड लोकरीला जाड सुई. पण नंबर उलटा चालतो. उमरेडच्या विणकराला विचारा. सुताचा नंबर मोठा, तर सूत बारीक. सुईचेही तसेच. १२ नंबरची बारीक, ८ नंबरची जाड. सुईवर मिलिमीटर लिहिले असतील, तर मात्र मोठा आकडा म्हणजे जाड सुई.

आपला हातही ओळखा. टाके घट्ट पडतात? थोडी जाड सुई घ्या. सैल पडतात? थोडी बारीक घ्या.

आधी २० टाक्यांचा तुकडा विणून पाहा. मगच स्वेटर सुरू करा. उसवायची पाळी येणार नाही.