नुसती राख मोजून कोळसा कळत नाही

पुणे बेसॉल्टवर वसले आहे, इथे कोळसा सापडणार नाही. पण राज्याच्या वीजजाळ्याचा मोठा आधार असलेले २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर औष्णिक केंद्र गोंडवाना काळातल्या कोळशावर चालते. या कोळशाविषयीची चर्चा बहुधा राखेच्या टक्क्यावर येऊन थांबते. दूरच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपर्यंतच राखेचा कोळसा द्यावा, असा नियम केंद्र सरकारने २०१४ मध्ये केला आणि २०२० मध्ये तो मागे घेतला. राख किती, याइतकाच ती कोणत्या खनिजांची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

राख मोजण्यासाठी नमुना सुमारे ८१५ अंश सेल्सिअसला जाळतात. त्या धगीत केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजातले सुमारे १४ टक्के पाणी निघून जाते, तर कॅल्साइटचे ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडते. तराजूत उरतात ते खनिजांचे अवशेष. मूळ खनिजे ओळखायची तर अवरक्त वर्णपट घेता येतो; त्यासाठी नमुना जाळावा लागत नाही. मिलिग्रॅमभर कोळसापूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये बारीक खलून तिची चकती दाबतात आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक खनिजातले रासायनिक बंध ठरावीक तरंगांकाचे किरण शोषतात: केओलिनाइट ३,६९५ आणि ३,६२० प्रति सेंटीमीटरला, कॅल्साइट ८७५ला, तर क्वार्ट्झ ७९८ आणि ७७९ या जोडशिखरांत. राखेचा टक्का सारखाच असला तरी क्वार्ट्झ जास्त असलेला कोळसा दळणयंत्रे झिजवतो, आणि कॅल्साइट किंवा सिडेराइट जास्त असेल तर राख लवकर वितळून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटू शकते.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. १,००० ते १,१०० या तरंगांकांदरम्यान सगळ्याच सिलिकेटांची शिखरे एकमेकांत मिसळतात. १,४३०च्या आसपास कॅल्साइटवर कोळशाच्या सेंद्रिय भागाची छाया पडते. पायराइट नेहमीच्या पट्ट्यात जवळपास दिसतच नाही, आणि पूड जाड राहिली तर प्रमाण चुकते. म्हणूनच अभ्यासक मोकळी शिखरे निवडतात, ऑक्सिजन प्लाझ्माने कमी तापमानाला सेंद्रिय भाग काढून टाकतात आणि क्ष-किरण विवर्तनाशी पडताळा घेतात. स्फटिकरचना विस्कळीत असलेली चिकणमाती विवर्तनात अंधुक दिसते, अवरक्त वर्णपटात मात्र तिची ओळख पटते. ही दोन तंत्रे परस्परपूरक आहेत.

अवरक्त वर्णपटमापक ही आज दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. विदर्भातल्या खाणींच्या प्रश्नाला इथल्या रसायनशास्त्राची जोड मिळायला हवी. आपल्या कोळशात खनिजे इतकी बारीक विखुरलेली असतात की धुलाईने ती पुरती निघत नाहीत. जे काढता येत नाही, त्याची निदान नेमकी ओळख असावी. म्हणून प्रत्येक खेपेच्या तपासणी अहवालात राखेच्या टक्क्याशेजारी खनिजांची नावे आणि प्रमाणही छापले गेले पाहिजे.