समेवर येणारं चित्र

तबल्याच्या एकलवादनात लेहऱ्याची तीच ती धून आपल्या लयीत फिरत राहते. कायदा कितीही रंगला तरी तबलजीला समेवर यावंच लागतं. टीव्ही स्टुडिओत लेहऱ्याचं काम वर्षानुवर्षं 'ब्लॅक बर्स्ट' या निव्वळ काळ्या सिग्नलने केलं. प्रत्येक यंत्राने आपली फ्रेम त्याच्या ठेक्यावर सुरू करायची, हेच जेनलॉक.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते कृष्णधवल. १९८२ मध्ये रंग आले आणि जुळणी नाजूक झाली. केबल मीटरभर वाढली की सिग्नलला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर होतो. पाल या रंगीत प्रक्षेपण पद्धतीत तेवढ्यानेच रंगाची फेज ८ अंश सरकते. त्यामुळे ही फेज दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर नजर खिळवून, बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक कॅमेरा जुळवावा लागे.

बाहेरून येणारं चित्र मात्र स्टुडिओचा ठेका पाळत नसे. सत्तरच्या दशकात त्यावर फ्रेम सिंक्रोनायझर आला. अख्खी फ्रेम मेमरीत ठेवायची आणि आपल्या ठेक्यावर वाचायची. १९८५ च्या अमिगाने पुढचं पाऊल टाकलं. या घरगुती संगणकाचं घड्याळच बाहेरच्या सिग्नलला बांधता येई.

साध्या पीसीत ती सोय नव्हती. त्याचं ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या स्फटिकावर चालतं. त्यात लाखात एक इतकी चूक असली, तरी सेकंदाला २५ फ्रेमचं प्रक्षेपण पीसीवर पाहताना दर ६७ मिनिटांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा दिसते. हे दुखणं सॉफ्टवेअरने ज्या रीतीने बरं केलं, ती मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आलेली फ्रेम आणि पडद्याचं रिफ्रेश यांतलं अंतर प्रोग्रॅम सतत मोजतो आणि ग्राफिक्स कार्डाचं घड्याळ, म्हणजे पिक्सेल क्लॉक, किंचित पुढेमागे करतो. घाईने मोठा बदल केला तर चित्र उडी मारतं. म्हणून मोजायचं, थोडं सरकवायचं, पुन्हा मोजायचं.

२०१५ च्या एसएमपीटीई २०५९ मानकाने काळ्या सिग्नलच्या केबलचीही गरज संपवली. १ जानेवारी १९७० पासून किती फ्रेम झाल्या असत्या, हा हिशेब नेटवर्कवरच्या वेळेवरून प्रत्येक यंत्र स्वतः करतं आणि सगळ्यांची सम एकच येते.

साधनं बदलली, पण चूक मोठी होण्याआधी सावरायची ही शिस्त तीच राहिली. क्रिकेटच्या मैदानावरून संथ फिरणारा कॅमेरा तासभर कुठेच अडखळत नाही, तेव्हा त्या तासात घड्याळ असंख्य वेळा सावरलेलं असतं.